क्लचचं पेडल नसलेली गिअरची गाडी: व्हेन्यू आयएमटी, ठाण्याच्या रस्त्यांवर वापरून

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईतल्या माणसांना पुढचं वाचत बसायला नको. घोडबंदर रोडला राहता, रोज गाडी काढावीच लागते, डावा गुडघा कुरकुरतो आणि तरीही गिअरचा दांडा दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला मन होत नाही, असं असेल तर ही गाडी घ्या. गुडघा ठणठणीत असेल तर साधी मॅन्युअल बरी, पैसे वाचतील. आणि गिअर टाकायचाच कंटाळा असेल तर या मधल्या वाटेला जाऊच नका, सरळ ऑटोमॅटिक घ्या.

गाडी माझी नाही, लेकीची आहे. 2021 ची ह्युंदाई व्हेन्यू, एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सेकंडहँड घेतलेली. ती वाघबीळहून ऐरोलीला ऑफिसला जाते. तिचं घरून काम असलं की गाडी माझ्याकडे येते, मग भाजीपासून वसईच्या व्याह्यांपर्यंत मीच नेतो. मी जन्मभर पोटासाठी गाडी चालवली. सुरुवातीला भिवंडीच्या गोदामांतून माल उचलणाऱ्या ट्रकवर क्लीनर, मग तोच ट्रक, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीची स्टाफ बस. त्यामुळे हा अभिप्राय ड्रायव्हरकीच्या अंगाने जाणार. टचस्क्रीन, सनरूफ, सीटचं कापड यांवर मी काही बोलणार नाही. ते शोरूममधली पोरं माझ्यापेक्षा छान सांगतात.

आयएमटी, म्हणजे इंटेलिजेंट मॅन्युअल ट्रान्समिशन, काय असतं ते आधी. गिअरचा दांडा नेहमीसारखा, पुढचे सहा आणि एक रिव्हर्स. गिअर हातानेच टाकायचे, कुठला कधी टाकायचा ते आपणच ठरवायचं. खाली पाहिलं तर पेडल मात्र दोनच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. ह्युंदाईने हा प्रकार 2020 च्या जुलैमध्ये व्हेन्यूत आणला. त्याच वर्षी सप्टेंबरात कियाची सॉनेट आली, तिच्यातही तो होता. बऱ्याच जणांना वाटतं की गाडीत क्लच, म्हणजे इंजिन चाकांपासून सोडवणारी आणि पुन्हा जोडणारी यंत्रणा, नाहीच. तसं नाही. क्लच प्लेट आहे, प्रेशर प्लेट आहे, सगळा संसार जागच्या जागी आहे. तो दाबणारा पाय तेवढा आपला राहिलेला नाही. दांड्यात एक सेन्सर बसवलाय. तुम्ही दांडा हलवायला घेतला की तो कॉम्प्युटरला खबर देतो. कॉम्प्युटर एका हायड्रॉलिक यंत्राला हुकूम सोडतो, तेलाचा दाब नळीतून क्लचशी बसवलेल्या सिलिंडरपर्यंत पोचतो आणि क्लच सुटतो. गिअर पडला की दाब उतरतो, क्लच परत धरतो. हे सगळं तुमचा हात तिसऱ्यातून चौथ्यात जाईपर्यंत उरकलेलं असतं.

मी घरी याचं कौतुक करत होतो तर नातवाने मोबाइलवर शोधून माझ्या नाकासमोर धरलं. पोर्शने 1968 च्या मॉडेलपासून आपल्या 911 मध्ये असंच काहीतरी दिलं होतं, स्पोर्टोमॅटिक नावाने. चार गिअर, क्लचचं पेडल नाही, आणि दांड्याला हात लागला की आतला स्विच क्लच सोडवायचा. त्यात गोम अशी की चालवताना सहज हात टेकवला तरी क्लच सुटायचा आणि इंजिन उगाच बोंबलायचं. आपल्याकडच्या निम्म्या ड्रायव्हरांचा डावा हात कायम गिअरच्या मुठीवर असतो. अशांनी आयएमटी घेताना ती सवय घरी ठेवून यावी. दांड्याला हात गिअर टाकायच्या वेळीच लावायचा, हे मला उस्तादने ट्रकवर शिकवलं होतं, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता तरी.

आता माझ्या वयाचे ड्रायव्हर म्हणतील, क्लच न मारता गिअर टाकायला एवढी यंत्रणा कशाला? आम्ही तशीच गाडी चालवलीय. खरं आहे, आणि या गाडीबद्दल माझं जे म्हणणं आहे ते इथूनच सुरू होतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

चालत्या गाडीत क्लच न मारता गिअर बदलता येतो. गिअर घट्ट का बसतो? इंजिन चाकांना ढकलत असतं, म्हणून आतले दात एकमेकांवर दाबलेले असतात. रेस अलगद सोडत गेलं की एक क्षण असा येतो, ना इंजिन चाकांना ढकलतं, ना चाकं इंजिनाला. नेमक्या त्या क्षणी दांडा दोन बोटांनी न्यूट्रलला येतो. पुढचं काम आरपीएमचं, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचं. समजा चौथ्या गिअरचं गुणोत्तर दीड आहे आणि पाचव्याचं एक. चौथ्यात इंजिन 1800 वर फिरत असेल तर त्याच वेगाला पाचव्यात ते 1200 वर फिरायला हवं. म्हणजे न्यूट्रलला आलं की इंजिन 1800 वरून 1200 वर उतरेपर्यंत दम धरायचा आणि दांडा पुढे टेकवायचा. आकडा जुळला की तो आपोआप आत जातो. चालत्या लोकलमध्ये चढणारा फलाटावर गाडीच्या वेगाने चार पावलं पळतो आणि मग पाय ठेवतो, तसंच हे. खालचा गिअर टाकताना उलटं: न्यूट्रलला आणायचं, रेस देऊन इंजिन चढवायचं, मग टाकायचं. हे अवघड, कारण उतरणाऱ्या आरपीएमची वाट बघता येते, चढवलेला आरपीएम कानाने मोजावा लागतो.

जुन्या ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये वेग आपोआप जुळवून देणारा सिंक्रोमेश नसायचा तेव्हा डबल क्लच मारायचो, तो याच्यासाठीच. क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, रेस, पुन्हा दाबा, गिअर. उस्तादचा कान असा होता की घाटात तो डुलकी काढत असला तरी माझा गिअर खडखडला की डोळे न उघडता शिवी यायची.

स्टाफ बसवर एकदा दिघ्याजवळ क्लचची लिंक निखळली. पेडल फळीला टेकलं ते वर आलंच नाही. मागे दुसऱ्या पाळीची माणसं, कार्ड पंच करायची वेळ जवळ आलेली. बस धावत होती म्हणून वाचलो. विटाव्यापर्यंत रेस सोडून, रेस देऊन गिअर बदलत आलो. खरी परीक्षा थांबल्यावर. उभी बस क्लचशिवाय उचलायची तर एकच मार्ग: इंजिन बंद करायचं, पहिला गिअर टाकायचा आणि तसंच स्टार्टर मारायचा. स्टार्टरच बसला हिसका देऊन पुढे ओढतो आणि इंजिन धरतं. म्हणून कळव्याचा सिग्नल लांबूनच पाहून वेग असा मारत आणला की पोचेस्तोवर हिरवा व्हावा. तो झाला नाही. मागे ओरडून सांगितलं, दांडे धरा. बस एखाद्या म्हशीसारखी हिसडली असं मी लिहिणार होतो, पण लोकलची उपमा आधीच देऊन झालीय. गेटवर पोचलो तेव्हा टाइमकीपरने फक्त घड्याळ पाहिलं, बाकी कुणाला काही कळलंच नाही.

हे वाचून कुणी आपल्या साध्या मॅन्युअल गाडीत हौस म्हणून करून बघेल, त्यांच्यासाठी एक गोष्ट. आजच्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेशच्या कड्या असतात, घर्षणाने दोन फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या. क्लच दाबलेला असतो तेव्हा त्या कडीला फक्त क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट एवढंच वजन आवरायचं असतं. क्लच न दाबता गिअर रेटला तर तिच्या अंगावर अख्खं इंजिन येतं, जड फ्लायव्हीलसकट. आरपीएम अचूक जुळवलात तर काही होत नाही. जुळवला नाहीत आणि रेटलंत, तर दर वेळी ती कडी थोडी झिजते आणि काही महिन्यांनी दुसरा गिअर खरखर करत पडायला लागतो. शिवाय स्टार्टरवर गाडी उचलणं समोर माणूस किंवा रिक्षा असताना करायचं काम नाही. तुटलेल्या क्लचनिशी गाडी बाजूला घेता यावी, धोक्याच्या जागेतून बाहेर काढता यावी, एवढ्यापुरती ही विद्या. हल्लीच्या बऱ्याच गाड्या क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट होत नाहीत, पण क्लचची वायर तुटली तरी पेडल खाली जातंच, त्यामुळे तिथे सहसा अडत नाही.

तर मुद्दा असा. क्लचचं काम पायाचं, पण वेग जुळवायचं काम कानाचं आणि डोक्याचं. आयएमटीने पायाचं काम काढून घेतलं. दुसरं काम तसंच ठेवलं, आणि म्हणूनच मला ती आवडली.

गाडी सुरू करायची तर दांडा न्यूट्रलला, पाय ब्रेकवर, मग बटण. पहिला टाकून ब्रेक सोडला की रेस न देता गाडी सरपटायला लागते. दुसऱ्यातही सरपटते. कापूरबावडी ते माजिवडा या पट्ट्यात याची किंमत कळते. मेट्रोच्या खांबांमुळे आधीच आक्रसलेला रस्ता, त्यात कंटेनर, त्यात मधे घुसणारी रिक्षा. साध्या गाडीत इथे डावा पाय शिलाई मशीनवर बसल्यासारखा चालत असतो. या गाडीत तो बाजूच्या टेकूवर पडून असतो आणि सगळं ब्रेकवर निभावतं. लेक पुढे कोपरी पूल, मुलुंड, ऐरोली पूल अशी जाते. हलक्या वाहनांचा टोल 2024 च्या ऑक्टोबरात माफ झाला, रांगा काही माफ झाल्या नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर ती पूर्वी पाय वर करून बसायची, आता लगेच स्वयंपाकघरात येऊन माझ्या चहात चुका काढते. ही सुधारणा मी गाडीच्या खात्यावर मांडतो.

तिसऱ्यात असताना पुढचा अचानक थांबला आणि तुम्हीही थांबलात, तरी इंजिन बंद पडत नाही. आरपीएम खाली आला की गाडी स्वतःच क्लच सोडवते आणि टूं टूं करून सांगते की गिअर खाली आणा. तिसऱ्यात उभी राहून तशीच निघायला गेलात तर निघत नाही, पुन्हा टूं टूं. नवशिक्यांना हे वरदान. चढावर गाडी बंद पडून मागे हॉर्नचा गजर होण्याची जी दहशत असते ती इथे नाही.

पण एक सावधगिरी, आणि ही पहिल्या दिवशी पाळायची. ज्यांनी आयुष्यभर क्लच मारलाय त्यांचा डावा पाय आपल्या मर्जीने उठतो. आमच्या जावयांनी पहिल्यांदा गाडी घेतली, सोसायटीच्या गेटबाहेर दुसरा टाकायच्या वेळी डावा पाय सवयीने खाली आणला आणि तो सापडला ब्रेकवर. सगळे पुढे. हिच्या मांडीवरचा डबा डॅशबोर्डवर गेला. क्लच दाबायच्या जोराने ब्रेक दाबला तर मागच्याला थांबायला वेळ मिळत नाही. म्हणून आधी रिकाम्या जागी, उपवनच्या बाजूला सकाळी सहाला वगैरे, पायाला समजावून घ्या. डावा पाय मागे ओढून सीटजवळ ठेवला की तो गप्प राहतो.

आता चढ. वसईला जाताना गायमुखचा घाट लागतो. घाट म्हणावा असा तो मोठा नाही, कसारा पाहिलेल्या माणसाला तर नाहीच, पण ट्रकांच्या रांगेत मधेच थांबायला लागतं तेव्हा तोच घाट मोठा होतो. साध्या गाडीत आपण अशा वेळी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी तोलून धरतो. पायाला कळत असतं की प्लेट कुठे धरतेय, आणि जास्त वेळ झाला की वासही येतो. इथे तो पाय नाही. बरेच जण मग रेसवर गाडी तोलतात, ब्रेक सोडून, किंचित रेस देऊन जागच्या जागी. गाडी करूही देते. पण आत क्लच घसरतोय आणि तापतोय, तुमच्या तळव्याला मात्र काहीच कळत नाही. या गाडीतली माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. दोष म्हणा किंवा रचनेचा स्वभाव म्हणा. उपाय साधा: चढावर थांबलात की ब्रेकवर थांबा, पुढचा दोन गाड्यांएवढा सरकला की मगच निघा. इंचाइंचाने सरकायचा मोह आवरा. ठाण्यात तो आवरणं कठीण, कारण दोन गाड्यांची जागा सोडली की तिसरी येऊन बसते. तरीही.

इंजिनाबद्दल थोडं. कागदावर ताकद 120 पीएस आणि ओढायचा जोर 172 न्यूटन मीटर, आणि तो जोर 1500 आरपीएमपासून पुढे. 1500 च्या खाली इंजिन झोपेत असतं. माझ्यासारखा डिझेलवर वाढलेला माणूस सवयीने लवकर वरचा गिअर टाकतो, बसला ते चालायचं. इथे चौथ्यात तिशीच्या वेगाने चढायला गेलात तर गाडी कुरकुरते, थरथरते, पुढे जात नाही. कॉम्प्युटर मदतीला येत नाही, कारण गिअर निवडायचं काम त्याने तुमच्याकडे ठेवलंय. तिसरा टाकला की लगेच जीव येतो. मला हे बरोबर वाटतं. ज्याला कुठला गिअर कुठे हे कळत नाही, त्याला ही गाडी खुबीने शिकवते आणि शिकवताना बंद पडत नाही.

येऊरचा उतार हा माझा दुसरा तपासनीस. वळणावळणांचा रस्ता, सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी, कडेला माकडं. दुसऱ्यात घालून पाय उचलला की गाडी इंजिनाच्या धरावर खाली येते, ब्रेक तापत नाहीत. वेग अगदीच उतरला की क्लच सुटतो आणि धर जातो, तेव्हा शेवटच्या टप्प्याला ब्रेक लागतोच. मला गंमत वाटली ती खालचा गिअर टाकताना. न्यूट्रलमधून जाताना रेसला अलगद टोचलं, उस्तादने शिकवल्यासारखं, की क्लच धरताना झटका जवळजवळ लागतच नाही. न टोचता टाकला तर गाडी नाकावर किंचित झुकते. म्हणजे जुनी विद्या इथे वाया जात नाही. हाताची घाई मात्र चालत नाही. दांडा सणकन ओढणाऱ्यांना गाडी अडखळल्यासारखी वाटेल. न्यूट्रलवर अर्धा श्वास थांबून टाकला की लोण्यासारखी पडतात.

शेजाऱ्यांकडे एएमटी आहे, तिच्याशी तुलना करायलाच हवी, कारण दुकानात दोन्हींची सरमिसळ करून सांगतात. एएमटी आपल्याकडे स्वस्त गाड्यांत रुळली ती मारुतीच्या सेलेरिओपासून, 2014 साली. तिच्यात क्लचही यंत्र मारतं आणि गिअरही यंत्रच निवडतं. आराम जास्त. पण ते गिअर केव्हा बदलणार हे तुम्हाला ठाऊक नसतं, म्हणून तुमचा पाय रेसवर तसाच राहतो आणि मधेच गाडी दम तोडते, मान पुढे जाते. पाय जरा उचलायची सवय लागली की ते कमी होतं. आयएमटीत गिअर तुम्हीच टाकता, त्यामुळे पाय केव्हा उचलायचा हे शरीराला आपोआप कळतं. एवढ्या एका गोष्टीमुळे मी आयएमटीच्या बाजूचा आहे. आमचे शेजारी ऐकत नाहीत, त्यांचं म्हणणं असं की गिअर टाकायचाच तर मग सुख कसलं. त्यांच्याही बोलण्यात तथ्य आहे.

बहुतेक गिऱ्हाइकांनी त्यांच्याच बाजूने कौल दिलेला दिसतो. दुचाकीतही हेच झालं. हिरो होंडाची स्ट्रीट नव्वदच्या दशकात आली, पायाने गिअर टाकायचे आणि क्लचची मूठ नाही. पुढे 2009 मध्ये टीव्हीएसची जाईव्ह तशीच. दोन्ही बाजारातून गेल्या. लोकांनी एक तर गिअरची मोटरसायकल घेतली, नाहीतर स्कूटर. चारचाकीत ह्युंदाईनेच 2023 मध्ये आय20 एन लाइनमधला आयएमटी काढून पुन्हा क्लचवाला सहा गिअरचा मॅन्युअल दिला. ती हौशी चालवणाऱ्यांची गाडी, त्यांना पाय हवाच असतो. माझं काही बिघडलं नाही, पण विकताना गिऱ्हाईक शोधावं लागणार हे लेकीला सांगून ठेवलंय.

बारीकसारीक कुरबुरी. सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प रिव्हर्समध्ये चढवताना हाफ क्लचची उणीव भासते, गाडी एक तर सरपटते नाहीतर जरा जास्तच उचलते. पेट्रोल शहरात लिटरला अकरा-बाराच्या आसपास, रस्ता मोकळा मिळाला तर चांगलं वाढतं. टर्बोला छेडाल तर कमी. आणि बसच्या क्लचची निखळलेली लिंक मी तारेने बांधू शकत होतो, इथे तेलाच्या दाबाचं काही बिनसलं तर रस्त्याकडेच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका. क्लच बदलला तरी नव्या प्लेटची पकड कुठे सुरू होते हे कॉम्प्युटर जोडून गाडीला शिकवावं लागतं. ते न करता दिली तर गाडी हिसके मारत चालते, आणि मालकाला वाटतं की गाडीच वाईट.

याच कारणामुळे जुनी आयएमटी घेताना सगळ्यात अवघड असतं ते क्लच तपासणं. साध्या गाडीत बसल्याबसल्या कळतं: पेडल खूप वर येऊन धरलं की प्लेट संपत आली. इथे पेडलच नाही. आम्ही गाडी बघायला गेलो तेव्हा एजंट हेच म्हणाला, काका, पेडल नाही तर क्लच बघणार कसा? मी म्हटलं, चला येऊरला.

गाडी तापू द्यायची, मग चढावर चौथ्यात, चाळिशीच्या जरा वर वेग असताना, रेस एकदम खोल दाबायची. आरपीएमचा काटा आणि वेग बरोबरीने चढले तर प्लेट धरतेय. काटा धावला आणि वेग जागेवर राहिला तर प्लेट घसरतेय, मग मागे फिरायचं आणि चहा घेऊन घरी यायचं. दुसरं, सपाटीवर पहिल्यात ब्रेक सोडून गाडी कशी सरपटते ते बघायचं. थरथरत, धक्के खात निघाली तर प्लेट जळालेली असू शकते. तिसरं, आधीचा मालक कुठे राहायचा ते विचारायचं. चढावरच्या सोसायटीतला असेल तर पहिली तपासणी दोनदा करायची. आणि सर्व्हिसच्या कागदांत क्लचचं काम दिसलं तर ते कुठे केलं, कॉम्प्युटर लावला होता का, हे त्या वर्कशॉपला फोन करून विचारायचं, एजंटला नाही.

आमच्या गाडीने चढ व्यवस्थित काढला. एजंट मागे बसून हँडल घट्ट धरून होता. पुढचे दोन टायर मात्र आतल्या कडेने खाल्लेले निघाले, त्यांचे आणि अलाइनमेंटचे पैसे किमतीतून वळते करून घेतले.